पाव खाणारी टोपली

"काहीही वाहा, पण माणूस तेवढा वाहू नकोस," असं मला कामाच्या पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं होतं. बजावणारी होती माझ्या आधीची टोपली. तिचं बूड गेल्यामुळे तिला दोरीवरून काढून सज्जाच्या कोपऱ्यात कांदे भरून ठेवलं होतं. "माणूस एकदा आत बसला, की मग त्याचा घोर लागतो," ती म्हणाली. मी नवी, ताठ कडीची, चकचकीत. मनात म्हटलं, म्हातारीला कांदे चढलेत.

मित्रांनो, मी आता स्वतःच एक जुनी टोपली आहे. नेपल्स शहरात, लुमाके गल्लीत, चौथ्या मजल्यावरच्या सज्जाला मी लटकते. इथे मला 'पनारो' म्हणतात. माझा जन्म डोंगरातल्या एका गावचा. चेस्टनटच्या झाडाच्या ओल्या कामट्या वाकवून एका म्हाताऱ्याने मला विणलं, आणि विणताना तो इतका खोकत होता, की माझी एक बाजू अजून किंचित वाकडी आहे. बाजारात मला तितीना मावशीने उचललं. उलटी करून, ठोकून, वास घेऊन पाहिलं. लग्नाच्या मुलीलाही इतकं कुणी पारखत नसेल.

मावशी म्हणजे कुणा एकीची मावशी नव्हे, सगळ्या गल्लीची. गुडघे दुखायचे, जिने चढवत नसत. म्हणून खालून बिआजो वाण्याने "मावशी, टोपली सोड गं!" अशी हाक मारली, की मी दोरीवरून सुळकन खाली. पाव, टोमॅटो, कधी मासळी, कधी शेजारणीची उसनी कात्री. भरले की वर. असं माझं आयुष्य. खाली जाताना वारा लागायचा, वर येताना वजन. मला दोन्ही आवडायचं.

अनिएल्लो नावाचं एक पोरगं आमच्याच गल्लीतलं. त्याची आई एल्विरा तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायची आणि दिवसभर दुसऱ्यांची घरं पुसायला जायची. पोरगं मावशीकडे. अंगात स्वेटर नाही, केस ओले, नाक वाहतंय, आणि तोंड तर त्याहून वाहतंय. एकदा मावशी दुधाकडे वळली आणि हा कठड्यावर चढून माझ्यात बसला. दोरी सुटली. मी काय करणार? जपून जपून उतरले. गाठी घासल्या, कामट्या करकरल्या, मधल्या मजल्यावर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पायजम्यात अडकून आम्ही दोघं जरा विसावलोसुद्धा. खाली पोहोचलो तेव्हा बिआजोने वाकून पाहिलं.

"काय रे हे? आज वरून खाली माल यायला लागला?"

"माल नाही, मी आहे," अनिएल्लो म्हणाला. "सलामी दे." सलामी म्हणजे बिआजोच्या दुकानात टांगलेलं सुकवलेलं, मसालेदार मांस.

हे असं घडलं होतं. पुढे अनिएल्लो मोठा झाला आणि भरभर बोलत गाणी म्हणायला लागला. नाव घेतलं 'लिल पनारो', म्हणजे छोटी टोपली. त्या गाण्यांमध्ये माझी गोष्ट दर वेळी थोडी वाढत गेली. आधी चौथा मजला सातवा झाला. मग खाली पोलीस आले. मग गोळ्या सुटायला लागल्या, आणि त्या पावसातून त्याची रडणारी आई त्याला टोपलीत घालून खाली सोडते आहे, असं तो गायचा. एल्विरा त्या वेळी एका डॉक्टरच्या घरी काचा पुसत होती. आणि रडला असेल तर बिआजो, सलामीसाठी.

पण गाणं चाललं. काय चाललं! लांबलांबच्या शहरांतून मुलं-मुली येऊन माझ्याखाली उभी राहायची. मी खाली आले, की माझ्यात सिगरेटी, बांगड्या, कापडी अस्वलं टाकायची.

"बिआजो, मेल्या, दोन किलो बटाटे सांगितले होते!" मावशी वरून ओरडायची. "हे अस्वल उकडू का?"

"उकडून बघ मावशी, प्रसिद्ध अस्वल आहे!"

खोटं कशाला सांगू, मला गंमत वाटायची. अनिएल्लोने मला नवी निळी दोरी आणली, मावशीच्या गुडघ्यांचं औषध आणलं, गल्लीतल्या पोरांना चेंडू वाटले. येता-जाता माझी कडी थोपटून म्हणायचा, "काय म्हातारे, ओळखतेस ना?" ओळखत होते. मला वाटायचं, हा जेवला असेल का? इतका बारीक का दिसतो?

मग तो आमच्या खाली, तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. ते घर फोर्तूनाचं, तिच्या गेलेल्या वडिलांनी ठेवलेलं. फोर्तूना म्हणजे त्याची मैत्रीण. मोठ्याने हसणारी मुलगी, इतकी मोठ्याने की कबुतरं उडायची. काही महिन्यांनी कबुतरं उडेनाशी झाली. ती दिसेनाशीच झाली. विचारलं की अनिएल्लो म्हणायचा, "ताप आहे तिला. झोपू द्या."

आणि त्याच सुमाराला माझ्यावर आळ आला.

"बिआजो! सहा पाव सांगितले, चारच आले!"

"मी सहा टाकले, मावशी. आईशप्पथ."

"तुझी आई कधीच वारली!"

"म्हणून तर तिची घेतो. तिला आता काही होणार नाही. तुमची टोपलीच खात असेल!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन पाव कमी. तिसऱ्या दिवशी चीजचा गोळा अर्धा. गल्लीत चर्चाच सुरू झाली. टोपली पाव खाते! बायका सज्जांतून वाकून माझं बूड बघायच्या. बिआजो तर सगळ्यांदेखत पाव मोजून टाकायचा, देवळात मेणबत्ती लावताना करतात तसा चेहरा करून. मित्रांनो, बदनामी काय असते ते मला तेव्हा कळलं. मी कुणाला सांगणार, की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची झडप जराशी उघडते, एक हात बाहेर येतो, आणि मला इतकं हळू धरतो, की दोरीलासुद्धा कळू नये?

शेवटी मावशीने मला वर ओढता ओढता कठड्यावरून वाकून पाहिलं. हात दिसला. हातावर मनगटापासून वरपर्यंत काळंनिळं होतं.

दोरी थांबली. मी तिसऱ्या मजल्यापाशी हलत राहिले.

"फोर्तूना," मावशी हलक्या आवाजात म्हणाली. "ताप कसा आहे गं?"

"ताप नाही, मावशी," खालून आवाज आला. "कुलूप आहे."

दुसऱ्या दिवसापासून मावशीने जास्तीचे पाव मागवायला सुरुवात केली आणि बिआजोची जाहीर माफी मागितली. ते काही तिला सोपं गेलं नाही. तिने "चुकलं" हा शब्द असा उच्चारला, जशी दाढ काढून घेते आहे. मग ती कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या पायांनी जिने उतरली आणि थेट एल्विराच्या दारात जाऊन उभी राहिली. एल्विरा वाटाणे सोलत होती.

"त्या घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे. दे."

"कसली किल्ली?"

"तुझ्या पोराने सून कोंडून ठेवली आहे, एल्विरा."

"माझा पोरगा गाणी म्हणतो. कोंडत नाही. आणि ती माझी सून नाही, अजून लग्न कुठे झालंय?"

मावशी तणतणत परत आली. त्या दुपारी कोथिंबिरीसाठी तिने मला खाली सोडलं आणि मी तशीच लटकत राहिले, कारण बिआजो दुकानात घोरत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात सपातांचा आवाज आला. एल्विरा. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मुठीतलं काहीतरी माझ्यात टाकलं, वर बिआजोच्या फळीवरची कोथिंबिरीची जुडी उचलून झाकली. मग माझ्यावर बोट रोखून म्हणाली, "तोंड बंद."

टोपलीला! पण सांगते, जाताना तिने तीनदा मागे वळून पाहिलं, आणि मला तिची कीव आली.

कोथिंबिरीखाली किल्ली होती. किल्लीला निळ्या लोकरीचा दोरा, आणि निळ्या लोकरीचे स्वेटर गल्लीत कोण विणतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मावशीने काही विचारलं नाही, किल्लीसकट मला तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी सोडलं. फोर्तूनानेही नाही. तिने आतून कुलूप उघडलं आणि ती एक मजला वर चढून मावशीकडे आली, पोटात बाळ घेऊन. अनिएल्लो खाली येऊन खूप ओरडला. बिआजो मासे कापायचा सुरा धुवत दारात उभा राहिला, आणि बराच वेळ धुवतच राहिला. मग अनिएल्लो गेला. समुद्राकाठी मोठं घर घेतलं, म्हणे. फोर्तूना आपल्या घरी परतली. मारिका जन्मली. कबुतरं पुन्हा उडू लागली, आता दोघींच्या आवाजाने.

मारिका रांगायला लागली होती, तेव्हा बातमी आली. एका बारच्या बाहेर, स्कूटर कुणी कुठे लावायची या भांडणात, अनिएल्लोला गोळी घातली. बावीस वर्षांचा होता. त्या दिवशी मला कुणी खाली सोडलं नाही. मी सज्जात कांद्यांशेजारी पडून होते आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखं ते ओल्या केसांचं पोरगं येत होतं. मी टोपली आहे. मला डोळे नाहीत. तरीही.

मग सुरू झाला तमाशा. कुणी म्हणे तो संत होता, कुणी म्हणे सैतान. अर्ध्या गल्लीने त्याच्या नावावरून काढलेले आकडे लॉटरीत लावले आणि सगळे हरले, तेव्हा संत म्हणणारे निम्मे सैतानाच्या बाजूला गेले. बिआजोने 'लिल पनारो सँडविच' काढलं आणि फोर्तूनाने त्याच्याशी बोलणं टाकल्यावर मुकाट्याने त्याचं नाव 'सलामी सँडविच' केलं. आणि चाहत्यांनी समोरच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र काढायचं ठरवलं. बरोबर फोर्तूनाच्या खिडकीसमोर.

चित्रकाराने पंख काढले, डोक्यामागे तेजाचं चक्र काढलं, हातात मी. माझं चित्र बरं जमलं होतं, वाकडी बाजूसुद्धा होती. पण त्याचे डोळे असे काढले होते, की खोलीत कुठेही उभं राहा, तो आपल्याकडेच बघतोय. फोर्तूना पहिल्या रात्री मारिकाला घेऊन स्वयंपाकघरात झोपली, कारण त्या खोलीला खिडकी नव्हती.

सकाळी तिने गल्लीच्या आरपार दोरी ओढली आणि चित्रावर चादर वाळत घातली.

चाहते चिडले. आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांना मात्र कुणी हात लावत नाही. भांडण कितीही होवो, पण दुसऱ्याची चादर काढणं म्हणजे त्याच्या घरात शिरणं. ती काही चाहत्यांची हिंमत होईना. मग मावशीने तिची चादर घातली. मग पलीकडच्या बाईने टेबलावरचं कापड. मग आणखी एकीने. बिआजोने काय घातलं ते सांगत नाही, पण परदेशी पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले. आठवडाभर पंखांच्या टोकांपलीकडे अनिएल्लोचं काही दिसलं नाही.

चित्राचा सोहळा होता त्या दिवशी एल्विरा काळे कपडे घालून आली. मागे चाहते, फुलं, आणि मला ठेवायला काचेची पेटी.

"चादर काढ, फोर्तूना."

"ओली आहे, काकू."

"आठवडा झाला. अजून ओली?"

"रोज धुते."

सज्जांमधून हसू फुटलं. एल्विरा लाल झाली. वर बघून ओरडली, "तितीना, टोपली सोड! माझ्या मुलाची आठवण आहे ती!"

मावशीने मला सोडलं. रिकामी. मी एल्विराच्या छातीपाशी येऊन थांबले.

"घेऊन जा," मावशी वरून म्हणाली. "पण काचेवर सगळं लिही. पोरगं उतरलं तेही, आणि पाव कुणी खाल्ले तेही."

"मी लिहीन, तो किती चांगला होता."

"होता की," फोर्तूना खिडकीतून म्हणाली. तिच्या कडेवर मारिका होती. "मला हसवायचा. मग कोंडायचा. दोन्ही लिहा. आणि किल्लीचंही लिहा, काकू."

चाहत्यांना काही कळेना.

"किल्लीचं नको," एल्विरा पुटपुटली. मला तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. "आई होते मी त्याची. लोक काय म्हणतील, आईच उलटली?"

"लोकांचं माहीत नाही," फोर्तूना म्हणाली. "ही विचारेल ना मला एक दिवस. तिला मी काय सांगू? तिला घरात एकतरी माणूस हवं, ज्याने दार उघडलं."

एल्विरा बिआजोच्या खुर्चीवर बसली. कुणीतरी पाणी दिलं. मग ती चित्रकाराला म्हणाली, "हे पुसून टाक बाबा. त्याला मासळीवाल्यांच्या भिंतीवर काढ, गल्लीच्या टोकाला. हिच्या खिडकीतून दिसायला नको. आणि ते डोळे खाली बघणारे काढ."

काचेची पेटी परत गेली. चाहते आता मासळीवाल्यांपाशी नाक धरून फुलं वाहतात. एल्विरा दर दुपारी तिसऱ्या मजल्यावर जाते, मारिकाला निळा स्वेटर घालते, आणि मारिका तो काढून माझ्यात टाकते.

मित्रांनो, माझ्या कामट्या आता सुटायला आल्यात. तुम्ही टोपल्यांना पावसात ठेवू नका, कडीला धरून गरगर फिरवू नका, वगैरे सांगायचं होतं. पण ते राहू दे. मला दुसरीच काळजी लागली आहे.

समोरच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, एक नवं जोडपं आलं आहे. मुलगी तुमच्या मोठ्या ताईएवढी. तिची पिवळी प्लास्टिकची टोपली रोज सकाळी माझ्याबरोबरच खाली यायची, आम्ही वाऱ्यावर एकमेकींना आपटायचो. रविवारपासून ती आली नाही. सज्जात झाडं सुकली आहेत. बिआजो हाक मारतो, कुणी बाहेर येत नाही, आणि नवरा मात्र रोज शीळ घालत कामावर जातो.

मी खालीवर जाऊ शकते. आडवी जाऊ शकत नाही. तुम्हाला पाय आहेत. एकटे जाऊ नका, घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, आणि जिन्यावर पळू नका. पाचवा मजला, हिरवं दार. वाजवा, आणि विचारा, "ताई, खालून काही आणायचंय का?" आतून "नाही" असं उत्तर आलं, तरी लगेच वळू नका. थोडं थांबा. दाराला कान लावा.

जाल ना?