मोरीजवळचे चार दाणे

सातपूरच्या कंपनीतली नाईट करून अमोल आला तो घरात न शिरता थेट वावरात. चाळीस दिवसांचं सोयाबीन, पण कावीळ झाल्यासारखं पिवळं. त्यानं एक झाड उपटलं, मुळी धुतली. एक गाठ नाही. नुसते दोरे.

बांधावर त्याचे वडील, खंडेराव आबा, युरियाची गोणी घेऊन बसलेले. ठरलं होतं ते सरळ होतं. हे एकर अमोलचं, युरिया टाकायचा नाही, मुळांच्या गाठींतले जिवाणूच पिकाला खाऊ घालतील. नाही जमलं, तर पुढच्या सालापासून एकर चुलत्याला वाट्यानं.

"काय रं, तुझे जिवाणूबी नाईटलाच हायेत का?"

अमोल हसला नाही. हसायलाही अंगात काहीतरी लागतं.

जिवाणूंचं पाकीट ताजं होतं. गुळाच्या पाण्यात कालवून त्यानंच बियाण्याला चोळलं, मोरीजवळ सावलीत सुकत टाकलं आणि झोपला. मोबाईलवर बघून बघून शिकलेला तो, कुठं चुकलं तेच कळेना.

घरी आला तर बायको, हर्षाली, ओझरच्या मेडिकलवर कामाला निघालेली. दोघांची भेट रोज अशीच, उंबऱ्यात.

"गाठी धरल्याच नाहीत," तो म्हणाला.

"औषध लावूनसुद्धा?"

"कोणतं औषध?"

"बुरशीचं, ते गुलाबी. तुम्ही दमून झोपलेले. म्हटलं राहिलं असेल, मीच चोळलं."

अमोल ओट्यावर बसला. ते औषध आधी लावायचं असतं, जिवाणू सगळ्यात शेवटी. उलट केलं की जिवाणूही मरतात. त्यानं एवढंच सांगितलं. भांडायला त्राण नव्हतं.

"आबांना सांगतो, माझंच चुकलं."

"का म्हणून? चोळलं मी."

ती घरामागं गेली. सुकताना सांडलेले चार दाणे मोरीजवळ उगवले होते. त्यांना औषध लागलंच नव्हतं. एक झाड उपटून ती तरातरा बांधावर निघाली, मागून अमोल.

"मामा, हे बघा."

"मोरीच्या पाण्यावर कायबी हिरवं ऱ्हातं, पोरी."

"मुळी बघा ना." ज्वारीएवढी गाठ तिनं नखानं फोडली. आत लालसर. "लाल म्हणजे हे जिवाणू जिवंत आहेत. वावरातले मी मारले."

आबांनी गाठ बोटांवर चोळून बघितली.

"औंदा युरिया टाकावाच लागंल. एकर ऱ्हाऊ दे त्याच्याकडंच. पण पेरणीच्या टायमाला दोघं एकदम जागे ऱ्हा."

युरियाच्या गोणीला टेकलेल्या अमोलनं ते ऐकलं. हो म्हणायचं होतं, पण डोळे आधीच मिटले.