डाव्या बाजूची पेटी

मी साउंड कार्ड बोलतोय. नाव सांगून ओळख पटेलच असं नाही, कारण मी कुणाला दिसत नाही. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये, पंख्याच्या वाऱ्यात, मी गुपचूप बसलेला असतो. कॉम्प्युटरला नुसते आकडे कळतात. त्या आकड्यांचं गाणं करून तुमच्या कानापर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. समईतलं तेल कुणी बघत नाही, उजेड तेवढा दिसतो. तसाच मी.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. शेवटच्या तपासणीला एका बाईंनी माझ्याकडून डावीकडचा सूर डावीकडे आणि उजवीकडचा उजवीकडे पाठवून घेतला. एकाची दुसऱ्यात जराही भेसळ झाली नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मला खोक्यात निजवलं. तेव्हापासून मला त्याचाच अभिमान होता. दोन बाजू अगदी वेगळ्या ठेवतो मी!

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी पुण्यात, बिबवेवाडीतल्या एका फ्लॅटमध्ये येऊन पोचलो. मला मागवलं होतं तनयाने. ती आयटीत आहे, घरूनच काम करते आणि काम आटपलं की मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळते. गाण्याचंही वेड आहे तिला. पण मला खोक्यातून काढताच पुढे झाल्या त्या तिच्या आई, श्यामलाताई. घरात महालक्ष्मीची पूजा मांडलेली होती. त्यांनी मला पाटावर ठेवलं आणि कुंकवाचा करंडा उघडला.

"आई! सर्किटवर नको, प्लीज!"

"बरं बाई, कडेला लावते. नवी वस्तू घरात आली, तिला कोरी कशी ठेवायची?"

माझ्या पत्र्याच्या कडेवर कुंकवाचा ठिपका उमटला.

"झालं. आता नाही आवडलं तर परत कसं करू? घेतील का ते?"

कोपऱ्यातून वर्तमानपत्र खाली झालं. ते माधवराव, तनयाचे वडील, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "कुंकू लावून घेतलेलं परत करायची पद्धत नाही तुझ्या आईकडे. नाहीतर मी इथे दिसलो असतो का?"

श्यामलाताई हसल्या. मला ते घर तिथेच आवडलं.

तनया मात्र कडक परीक्षक. पसंत पडलो नाही तर परत पाठवायला मुदत होती आणि तेवढ्यात माझा कस लागणार होता. आधी गेम. हेडफोनमध्ये तिचा मित्र आमोद ओरडत होता, "तनया, मागे बघ, मागे!"

"ओरडू नकोस रे, ऐकलंय. डावीकडून जिन्याने येतोय." आणि खरंच गेममधला शत्रू डावीकडून आला आणि गारद झाला. "आमोद, भारी आहे हे कार्ड! आधी सगळे आवाज एका पोत्यात भरल्यासारखे यायचे. आता कोण कुठे उभं आहे ते डोळे मिटून सांगीन."

मी सुखावलो.

हेडफोनला माइकची छोटी दांडी होती. कॉम्प्युटर हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलाजवळच. त्या माइकमधून मला घरातलं सगळं ऐकू यायचं. ऐकता ऐकता एक गोष्ट मला खटकायला लागली. जेवताना माधवराव काहीतरी विचारायचे आणि श्यामलाताईंकडून उत्तरच यायचं नाही.

"अगं, आमटी वाढतेस ना? चातुर्मास संपला म्हटलं! मौन सुटलं, उद्यापन झालं, तुळशीबागेतून आणलेली घंटा देवळात देऊन झाली. आता तरी बोल!"

तेव्हा मला कळलं. श्यामलाताईंनी चातुर्मासात मौनाने जेवायचं व्रत धरलं होतं. त्यांच्या न बोलण्याची घराला इतकी सवय झाली होती, की व्रत संपल्यावरही कुणाला त्यात वावगं वाटेना.

"आईच्या अंगात मुरलंय व्रत," तनया हसून म्हणायची.

मंडईतून येताना एकदा त्यांच्या अगदी अंगावर रिक्षा आली. घरी आल्यावर माधवराव तडकले. "तो बिचारा भोंगा दाबून दाबून दमला. लक्ष कुठे असतं तुझं?"

"नामस्मरणात होते हो," त्या हळूच म्हणाल्या.

गुरुवारचं भजनही त्यांनी सोडलं होतं. त्यांच्या मैत्रीण हेमाताई मंडळात पेटी वाजवायच्या. त्यांचा फोन आला की श्यामलाताई गुडघ्यांचं कारण सांगायच्या. पण दिवसभर त्याच गुडघ्यांनी त्या घरभर फिरायच्या. मला त्यांच्या पावलांचा आवाज यायचा ना!

गेमनंतर गाण्याची परीक्षा आली. तनयाने एक भजन लावलं. मधोमध गाणारी, उजवीकडे तबला, डावीकडे पेटी. मी जीव ओतून वाजवलं. तिने आईला हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्या आल्या.

"आई, तू गाण्यातली आहेस. सांग कसं वाटतंय."

श्यामलाताईंनी डोळे मिटून ऐकलं असावं, कारण श्वास अगदी संथ झाला होता. मग म्हणाल्या, "गोड गायलीय गं. तबला तर किती स्वच्छ! पण पेटी नाही का घेतली साथीला?"

"पेटी? आहे की!"

"नाही बाई."

तनयाने स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. पेटी होती. पुन्हा आईला दिलं. पेटी नाही. तिने वायर हलवली, मला काढून परत बसवलं. तिला वाजायची, आईला वाजायची नाही.

"मधूनच डावी बाजू जातेय. काहीतरी लूज आहे आत," ती कंटाळून म्हणाली. "अजून मुदत आहे तोवर परत केलेलं बरं."

माझ्यावर काय गुदरलं म्हणून सांगू! मी डावी बाजू पाठवत होतो. एकही सूर गाळला नव्हता. पण मला तोंड कुठे? जे दिलं जाईल तेच मी बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरिअरवाला येणार होता. खोकं टेबलावर आलं. श्यामलाताई हळहळत होत्या, "कुंकू लावलंय गं त्याला. अजून एकदा बघ ना."

"आई, तो खाली आलाय. फोन आला होता. बरं, शेवटचं हं." तनयाने घाईघाईत हेडफोन आईच्या कानांवर चढवला. माइकची दांडी उलट्या गालाशी आली. घाईत तो उलटा घातला गेला होता.

भजन सुरू झालं.

"अगंबाई," श्यामलाताई म्हणाल्या, "आली की पेटी! किती गोड धरलीय." मग जरा थांबून, "पण आता तबला कुठे गेला?"

तनयाने हेडफोन सरळ केला. "आता?"

"आता तबला आला. पेटी गेली."

पुन्हा उलटा केला. पेटी आली. मी दोन्हीकडे पाठवतच होतो. मग तनयाने आईच्या डाव्या कानाजवळ अगदी हळू हाक मारली असावी, कारण ती मला माइकमधून पुसट ऐकू आली. "आई."

उत्तर नाही.

"आई, कधीपासून?" हे ती समोर येऊन म्हणाली.

श्यामलाताईंचा आवाज बारीक झाला. "आषाढाच्या आधीपासून असेल. मला वाटलं, वयाचं असेल, जाईल. भजनात पेटी माझ्या डावीकडे असते ना, सूरच सापडेना. भलत्याच पट्टीत जायचे मी. बायका हसल्या नाहीत गं कधी, पण मला कळायचं." मग म्हणाल्या, "मौन खरंच देवासाठी धरलं होतं. पण यंदा ते मला सोयीचं पडलं. डावीकडून कुणी काय विचारलं ते कळलं नाही, तरी कुणी रागावत नव्हतं. अहो, देवाशी लबाडी झाली का हो ही?"

माधवरावांनी खुर्ची जवळ ओढली. "देवाचं मला माहीत नाही. पण मी तुझ्या डावीकडे बसून इतके महिने टोमणे मारत होतो आणि त्यातला एकही तुला ऐकू आला नाही, ही त्याचीच कृपा." मग हळूच म्हणाले, "घंटा घेताना तू उजव्याच कानाशी धरून वाजवून बघत होतीस. मी दुकानदारासमोर हसलो होतो तुला."

दाराची बेल वाजली. कुरिअरवाला.

माधवरावच दाराशी गेले. "माफ करा, तुम्हाला उगाच जिने चढायला लावले. वस्तू चांगली आहे. ऐकण्यात आमचीच चूक झाली. पाणी घेता?"

असा मी राहिलो.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा कान पहिल्यासारखा होणं अवघड, पण यंत्र लावून सवय केली की बरंच ऐकू येईल. यंत्र तयार होऊन यायला थोडा वेळ होता. तोवर तनयाने माझ्यातली एक सोय शोधून काढली. तिने ती सुरू केली आणि मला दोन्ही बाजू एकत्र करून पाठवायचा हुकूम झाला. माझा सारा अभिमान एका क्लिकमध्ये गेला! पण उजव्या कानात पेटी आणि तबला एकदम आले, तेव्हा श्यामलाताई सुरात सूर मिसळून गायला लागल्या. ते ऐकलं आणि मला वाटलं, बाजू वेगळ्या ठेवणं ही माझी हुशारी होती, पण जन्म कशासाठी झाला ते आज कळलं.

संध्याकाळी तनया खेळायला बसली, ती सोय बंद करायची विसरून. पावलं वाजत होती, पण कुठून तेच समजेना. ती गरगर फिरली आणि मागून मारली गेली.

"काय झालं गं तुला?" आमोद हसत सुटला.

ती हसली नाही. हेडफोन काढला आणि उठून आईच्या उजवीकडे जाऊन बसली. "आई, तुला रस्त्यावर असंच होतं ना? आवाज येतो, पण कुठून येतो तेच कळत नाही?"

"तसंच गं, अगदी तसंच," श्यामलाताई म्हणाल्या. कुणीतरी नेमकं ओळखलं याचाच आनंद त्यांच्या आवाजात जास्त होता.

दत्तजयंतीला त्या भजनाला गेल्या. हेमाताईंनी फोनवर आधीच दटावलं होतं, "श्यामला, एवढं मला सांगायला काय झालं होतं? तू माझ्या डाव्या हाताला बस. पेटी तुझ्या उजव्या कानाशी येईल. आणि पट्टी चुकलीस तर कोपराने ढोसेन!"

जेवणाच्या टेबलावर आता माधवरावांनी खुर्ची बदलली आहे. ते उजवीकडे बसतात. त्यामुळे टोमणे सगळे पोचतात आणि त्यांना उत्तरंही चोख मिळतात. तनयाने माझ्याबद्दल चार ओळींचा अभिप्राय लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला, "गेमसाठी उत्तम, संगीतासाठी त्याहून उत्तम."

"आणि कानाचा डॉक्टर म्हणून?" माधवराव म्हणाले.

मी इथे कॅबिनेटमध्ये आनंदात आहे. अंगावर थोडी धूळ बसली आहे, कुंकू अजून पुसलेलं नाही. एकच विनवणी करतो. घरात तुमच्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तर लगेच रागावू नका, हसूही नका. उठा, त्या माणसाच्या दुसऱ्या बाजूला जा आणि तिथून एकदा हाक मारून बघा.

टेबलावर वाट्या मांडल्याचा आवाज येतोय. माधवरावांनी आमटी मागितली, आणि पहिल्याच हाकेला श्यामलाताई म्हणाल्या, "वाढते हो, जरा धीर धरा!"