पाळीच्या आधी लांबणारं स्वयंपाकघर

पाळीला दोन दिवस राहिले की वैजयंता पाचपुतेचं स्वयंपाकघर लांब व्हायचं. एरवी ओट्यापासून जेवायच्या टेबलापर्यंत मोजून नऊ फरश्या. त्या दिवसांत चाळीस, कधी साठ. आधी डावा डोळा ठणकायला लागायचा, मग खिडकीतलं ऊन टाचणीसारखं आत शिरायचं, आणि मग टेबल निघायचं. काही आवाज नाही. नवऱ्याला घेऊन आपलं मागं मागं.

नवरा म्हणजे दिगंबर. बसच्या वर्कशॉपात कामाला. माणूस वाईट नाही, पण ह्यातलं त्याला काही दिसायचं नाही. टेबलाशी बसून पेपर वाचायचा.

"वैजे, चहा निघालाय का?"

"निघालाय."

"कुठनं, आसामातनं?"

ती कपबशी धरून चालायची. पोचेस्तोवर चहावर साय धरायची. मागच्या खेपेला ती सातला निघाली आणि पोचली तर खुर्ची रिकामी. पेपरची घडी घातलेली, दिगंबर कामावर जाऊन दोन तास झालेले. तिनं तो गार चहा उभ्यानं पिला, मोरीत ओकून टाकला, आणि परतीच्या वाटेला लागली. घरात दोघंच राहायची, आणि महिन्यातले पाच दिवस एकमेकांना हाकेच्या अंतरावरसुद्धा नसायची. पाळीचा तिसरा दिवस सरला की टेबल मुकाट्यानं परत यायचं.

आता तिची नोकरी ऐका. हडपसरला, आठव्या मजल्यावर. परदेशातल्या डॉक्टरांनी लिहिलेले पेशंटचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा कोड लावायचा. एक अक्षर, पुढं आकडे. एकदा असंच तिच्यापुढं कुठल्या तरी लांबच्या बाईचा कागद आला. डॉक्टरनं सरळ लिहिलं होतं, अर्धशिशी, मासिक पाळीशी जोडलेली. वैजयंतानं कोड टाकला, जी त्रेचाळीस पॉइंट आठ दोन नऊ. टाकला तशी कागदातनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग कुणीतरी कुणाला तरी हळू आवाजात काहीतरी विचारलं. अगदी जवळनं विचारलं. त्या बाईचं टेबल जागेवर आलं होतं.

"मला हाच कोड पाहिजे," वैजयंता म्हणली. शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

मग ती डॉक्टर सबनीसबाईंकडं गेली. गोची अशी, की त्रासाच्या दिवशी तिला दारापर्यंत पोचता यायचं नाही. म्हणून गेली ती बऱ्या दिवशी. आत बाकावर दोन बाप्ये पेशंट आधीच बसलेले.

"आज दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आज नाही."

"कधी दुखतं मग?"

वैजयंतानं त्या दोघांकडं बघितलं. त्यातला एक कान कोरत होता.

"मधनंमधनं," ती म्हणली.

बाईंनी लिहिलं, डोकेदुखी. खाली सही.

चार दिवसांनी तो कागद ऑफिसात तिच्याच गठ्ठ्यात आला. सबनीसबाईंचा दवाखाना कुठं, आणि परदेशातले गठ्ठे कुठं. पण आला, आणि कुणी विचारलं नाही. ती तो घेऊन गवळी सरांकडं गेली. ते तिचे वरचे.

"सर, हिला पाळीची अर्धशिशी आहे."

"कुणी लिहिलंय तसं?"

"मला माहितीये."

"तुम्ही डॉक्टर आहात का पाचपुते? लिहिलंय तेवढ्यालाच कोड. लिहिलं नाही ते झालंच नाही."

"पण सर, ही मीच आहे."

"मग तर अजिबातच नाही," गवळी सर म्हणले आणि डबा उघडून बसले.

वैजयंता इमानी. तिनं आर एकावन्न पॉइंट नऊ टाकला. नुसती डोकेदुखी. संध्याकाळी घरी आली तर बऱ्या दिवसांतसुद्धा फरश्या अकरा झालेल्या. त्या कागदाची फाइल पुढच्या शुक्रवारी दुपारी बाराला बंद होणार होती. बंद फाइलीत कुणी हात घालत नाही. म्हणजे त्या घडीला घर जेवढं असेल तेवढं जन्मभर.

एकच वाट होती. डॉक्टरला प्रश्न पाठवता येतो, पण उत्तर सुचवायचं नाही असा नियम. तिनं लिहिलं, "डोकेदुखीचा प्रकार कृपया स्पष्ट करावा." आणि वाट बघत बसली.

शुक्रवारी सकाळी जाग आली तीच डाव्या डोळ्यात. ओट्याला धरून उभी राहिली. टेबल मोहरीएवढं झालं होतं. फोन वाजला.

"सबनीस बोलतेय. तीन महिन्यांच्या तारखा वाचून दाखवा. डोकं कधी दुखलं आणि पाळी कधी आली, शेजारी शेजारी. तीनातनं दोनदा जुळलं तर लिहिते. अंदाजानं सांगू नका, बघून सांगा."

"कधीपर्यंत?"

"बाराच्या आत."

डोक्याच्या तारखा फोनमध्ये होत्या. पाळीच्या नव्हत्या. तिच्या आईनं शिकवलं होतं, कॅलेंडरच्या पानावर पुढनं खूण करायची नाही, आला-गेला बघतो. तारखेच्या पाठीमागं ओल्या हळदीचा ठिपका द्यायचा. आणि दिगंबरची शिस्त अशी, की महिना सरला की पान फाडून मांडणीवर डब्यांखाली अंथरायचं. मांडणी टेबलाच्याही पलीकडं. दिगंबरचा फोन इकडं ओट्यावर चार्जिंगला.

"अहो," तिनं हाक मारली. "डब्यांखालची पानं आणा. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च."

बऱ्याच वेळानं आवाज आला, "कशाला?"

"पाठीमागं ठिपके आहेत."

"कसले?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ती "अडचण आहे" म्हणायची, "बाजूला आहे" म्हणायची. तो शब्द तिनं त्याच्यापुढं एकदाही काढला नव्हता. आत्तासुद्धा ती "भिशीचे" म्हणू शकली असती, "गॅस सिलिंडरचे" म्हणू शकली असती. पण मग तो म्हणला असता, संध्याकाळी बघू. ती खाली बसली. डोळा मिटून घेतला.

"माझ्या पाळीचे," ती म्हणली.

शब्द गेला. वाटी सुटून घरंगळत जावी तसा फरशीफरशीवर आपटत गेला. पोचायला वीस मिनिटं लागली.

मग लांब तिकडं दिगंबरनं डबे उतरवले. तांदूळ, तूरडाळ, पोहे. पानं काढली, उलटी केली, उजेडाला धरली. मग मान वर केली आणि कपाळावर आडवा हात धरला, माळावरनं गाव शोधावं तसा.

"वैजे," आवाज आला. "हे एवढं लांब कधी झालं?"

"सात वर्षं होतील."

"आणि तू रोज चहा आणतीस?"

त्यानं चपला घातल्या. पाण्याची बाटली भरली. तारखा ओरडून सांगाव्यात तर आकडे वाटेत सांडायचे, म्हणून पानं शर्टाच्या आत घातली आणि निघाला.

साडेनवाला तो नखाएवढा होता. साडेदहालाही नखाएवढाच. पाय मात्र भराभरा उचलत होता, चपलांचा आवाज तिच्या अगदी कानाशी येत होता, धापसुद्धा ऐकू येत होती. अकराला त्यानं पाणी पिलं. बाराला दहा कमी असताना तिनं दुखरा डोळा उघडून नीट बघितलं. त्याच्या पुढच्या फरशीखालचं सिमेंट अजून ओलं होतं. दिगंबरनं त्या फरशीवर पाय ठेवला, फरशी जराशी हलली, कडेनं करडं पाणी वर आलं, आणि त्या फरशीच्या पुढं, दोघांच्या मधे, कुणीतरी आणखी एक फरशी टेकवून वरनं हलकेच ठोकली.