पाणी बरं आहे

मी अलाएरेची होडी बोलतेय. दोराने बांधलेली आहे म्हणून गप्प बसेन असं समजू नका. वारा पडलाय, तरी बघा, मी हलतेच आहे. भरती आली की दोर ताणून धरते, ओहोटी लागली की चिखलात कुशीवर पडते, पण चैन म्हणून नाही. आज तर मुळीच नाही. उद्या पुन्हा कोर्ट आहे.

माझा जन्म एका झाडाच्या पोटातून झाला. अलाएरेच्या सासऱ्याने मला कोरलं. आधी कुऱ्हाडीने पोट काढलं, मग त्यात विस्तव घातला. आच लागली की लाकडाच्या कुशी हळूहळू उघडतात. घाई केली तर तडा जातो. तीन दिवस म्हातारा माझ्याजवळून हलला नाही. चौथ्या दिवशी मला खाडीत ढकललं आणि नव्या सुनेला हाक मारली, "घे, ही तुझी. नवरा रुसला तर रुसू दे, ही रुसली तर उपाशी मरशील."

आमच्या आसिग्बेने गावात होडी बाईचीच असते. अलाएरेचं शेत खाडीच्या वरच्या अंगाला. पुढे कसाव्याचे कंद, मागे केळी, आणि केळींच्या मागे दोन तळी. पुराचं पाणी चढलं की मासे आपणहून तळ्यात शिरतात, पाणी उतरलं की तिथेच अडकतात. नवरा गेल्यावर तीच तळी तिचा आधार होती. कसावा पोत्यात भरून खाडीत भिजत घालायचा, तीन दिवसांनी पिळायचा, मासे धुरी देऊन सुकवायचे आणि सगळं माझ्या पोटात भरून बाजाराला जायचं. वल्हं अलाएरेच्या हातात. पुढच्या टोकाला तिची नणंद सेयेफा, हातात काही नाही, तोंड मात्र सतत चालू.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

पाण्यावर दोन होड्या समोरासमोर आल्या की आमच्यात विचारतात, "पाणी कसं आहे?" आणि त्याला उत्तर एकच. "पाणी बरं आहे." जाळं फाटलेलं असो, तापाने अंग फणफणलेलं असो, पाणी बरं आहे. ज्याच्या अंगावर बसलोय त्याची निंदा त्याच्या तोंडावर करायची नाही. पाणी ऐकतं, आणि मनात ठेवतं. निंदा करायचीच असेल तर काठावर उतरा, पाय कोरडे करा, मग हवं ते बोला. पोर आईच्या मांडीवर बसून हे शिकतं. पुढे ते विचार करून म्हणत नाही, शिंक आल्यासारखं तोंडातून निघतं.

तळ्यांच्या मागून तेल कंपनीचा पाइप जातो. माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. गंजून लाल झालेला. कसावा लावून झाला होता, त्या दिवसांत एका सकाळी अलाएरे मला सोडायला आली आणि दोर हातातून निसटला. दोर तेलकट झाला होता. माझ्या अंगाला एक काळा पट्टा चढला होता, आणि वास असा की सेयेफाने नाकाला पदर लावला आणि चक्क गप्प बसली.

तळ्यावर गेलो. मागूर मासा किती चिवट, चिखलात जगतो, कोरड्यावर सरपटत जातो. तो पोट वर करून तरंगत होता. एक नाही, सगळं तळं पांढरं. अलाएरेने रडण्याआधी एक मासा उचलून हुंगला. मग दुसरा. मग तिसरा. जणू एखादा तरी निघेल.

आठव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. पायात चकचकीत बूट. चिखलातून चालवेना, म्हणून अलाएरेने त्याला माझ्यात बसवलं. त्याने दोन्ही हातांनी माझ्या कडा अशा धरल्या होत्या की मलाच हसू येत होतं. आमची भाषा त्याला चार वाक्यं येत असावी. तळ्याजवळ पोचता पोचता त्याने कागद काढला आणि आमच्याच भाषेत विचारलं, "आई, पाणी कसं आहे?"

अलाएरे वल्हं मारत होती. तिच्या तोंडून निघालं, "पाणी बरं आहे."

त्याने लिहून घेतलं. त्याच्या मनात पाप होतं की नुसतं अज्ञान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग तो म्हणाला, "मी येऊन गेलो, त्याची खूण म्हणून इथे अंगठा द्या." शाईची डबी शोधायला त्याने एका हाताने कड सोडली, तेवढ्यात मी जराशी कलले आणि त्याने पुन्हा गच्च धरलं.

"राहू द्या साहेब, पडाल," अलाएरे म्हणाली. "शाई कशाला? तुमच्या कृपेने माझा हात काळाच आहे." आणि वल्ह्यावरचं तेल अंगठ्याला लागलं होतं, तोच तिने कागदावर दाबला.

सेयेफा खो खो हसली. मीही हसले. काय हसलो आपण, असं नंतर किती वेळा मनात आलं.

पाइप दुरुस्त करायला आणखी महिना गेला. पाणी साफ करायला कोणी आलंच नाही. खाडीत भिजवलेल्या कसाव्याला रॉकेलचा वास येऊ लागला. बाजारात बायका आम्हाला बघून टोपली झाकायच्या. अलाएरे म्हणाली, "मी कोर्टात जाते."

सेयेफा म्हणाली, "जा ना. मुंगी निघाली हत्तीला जाब विचारायला. वहिनी, तुला सही तरी करता येते का?"

"अंगठा येतो."

"अंगठ्यानेच बुडतात सगळे," सेयेफा म्हणाली. आणि दर तारखेला तीच आधी येऊन माझ्यात बसायची.

शहरातून ओबिआगेली नावाची वकीलबाई मिळाली. वरच्या अंगाची, कोरड्या गावची. तिला पोहता येत नव्हतं. दोन वर्षं नुसते कागद इकडून तिकडे गेले. मग एक दिवस ती तणतणत आली. कंपनीने कोर्टात एक कागद दिला होता. त्यावर लिहिलेलं, त्या दिवशी शेतकरी बाई स्वतः म्हणाली पाणी बरं आहे, आणि हा तिचा अंगठा. तेल म्हणे नंतर आलं. चोरांनी पाइप कापला असेल, त्याला आम्ही काय करणार?

"आई, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात का?" वकीलबाईचा आवाज चढला होता. तिघींना घेऊन मी अर्ध्या खाडीत होते. वल्ह्यावरून काळे थेंब गळत होते. "मला खरं सांगा. आत्ता. पाणी कसं आहे?"

"पाणी बरं आहे," अलाएरे म्हणाली.

वकीलबाईने कपाळावर हात मारला. "संपलं. केस संपली."

"काठ येऊ दे ना बाई," अलाएरे दात आवळून म्हणाली.

"काठाचा काय संबंध? मी पाण्याचं विचारतेय!"

सेयेफाला हसू आवरेना. "अहो वकीलबाई, बुडायचंय का तुम्हाला? पोहता येत नाही आणि पाण्यावर बसून पाण्याच्या चहाड्या विचारता! चल गं वहिनी, लवकर मार वल्हं, नाहीतर ही इथेच उडी घेईल."

काठावर उतरून अलाएरेने पाय पुसले आणि मग जे बोलायला सुरुवात केली, ते वकीलबाईची वही भरेपर्यंत. शेवटी ओबिआगेली चिखलात उभीच राहिली, हळू आवाजात म्हणाली, "त्या माणसाने कुठे बसून विचारलं होतं?"

अलाएरेने माझ्याकडे बोट दाखवलं.

कोर्ट येनागोआ शहरात. मी तिथे गेले नाही. मला कोण आत घेणार? पण सेयेफाने परत येताना सगळं सांगितलं, वकिलाच्या नकलेसकट. हात नाचवत उभी राहिली तेव्हा दोनदा उलटता उलटता वाचलो. तिच्यावर विश्वास ठेवायचा तर असं झालं.

कंपनीचा वकील म्हणाला, "म्हणजे तुमच्या गावची माणसं पाण्यावर खोटं बोलतात?"

"खोटं नाही बोलत, साहेब. मान ठेवतो."

"मग आता पाण्याला मान देऊन सांगा बरं, पाणी कसं आहे?"

अलाएरेने खाली बघितलं. चप्पल काढली, फरशीवर पाय ठेवला. "ही जमीन आहे ना?" तिने विचारलं. दुभाष्याने म्हटलं, हो आई, जमीनच आहे. "मग सांगते. पाणी मेलंय. माझ्या तळ्यात मासा राहत नाही. माझ्या हातचं कोणी खात नाही. सासऱ्याने दिलेली होडी मी रोज पुसते आणि रोज काळी होते. पाणी त्या दिवशीही मेलेलं होतं, साहेब. मी त्याच्या अंगावर बसले होते, म्हणून बोलले नाही."



जज्जसाहेब उत्तरेकडचे, वाळवंटाच्या बाजूचे. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "आमच्याकडे माणूस भेटला की विचारतात, थकवा कसा आहे? दिवसभर ओझी वाहून कंबर मोडलेला माणूसही म्हणतो, थकवा नाही. तेवढ्यावरून मी त्याच्याकडून अजून एक पोतं उचलून घेऊ का, वकीलसाहेब?"

पण तो वकील पक्का. म्हणाला, "रीतीभाती राहू द्या, माय लॉर्ड. तेल त्या दिवशी तिथे होतं, याचा पुरावा काय?"

"पुरावा काय म्हणजे?" अलाएरे मध्येच बोलली. "अंगठा मी कशाने दिला मग? शाई तुमच्या माणसाच्या पिशवीतच राहिली. तेलानेच दिला की."

वकीलबाई उभी राहिली ती अशी, की खुर्ची पडली. तिच्याजवळ होती ती नक्कल, तिच्यात अंगठा नुसता काळा दिसत होता. तिने मूळ कागद मागितला. कंपनीने आधी म्हटलं आणायला वेळ लागेल, मग म्हटलं सापडत नाही, मग जज्जसाहेबांनी नुसतं बघितलं आणि पुढच्या तारखेला कागद सापडला. त्यांनी तो खिडकीकडे धरला. शाईचा डाग कागदावर बसतो, तेलाचा पसरतो. बाजारात तळलेले वडे बांधून देतात त्या कागदासारखा अंगठ्याभोवती सगळा भाग पारदर्शक झाला होता. मधोमध अंगठा. वर तारीख, कंपनीच्याच माणसाच्या अक्षरात.

सेयेफाने हे सांगताना आवाज खाली आणला होता. ती खालच्या आवाजात बोललेली मी त्या वेळी पहिल्यांदा ऐकली.

निकाल अलाएरेच्या बाजूने लागला. कंपनीने पाणी साफ करावं, तळी पुन्हा उभी करावीत. गावात ढोल वाजले. लगेच कंपनीची नारिंगी कपड्यांतली माणसं आली. वरवरची माती खरवडली, पोत्यांत भरली, फोटो काढले आणि पावसाच्या आधी निघून गेली. अलाएरेने काठीने तळ्याचा तळ ढवळला तर खालून काळं उसळून वर आलं. कंपनी म्हणते, झालं साफ. बाटलीत पाणी भरून नेतात आणि आकड्यांचा कागद आणतात. वर त्यांनी मोठ्या कोर्टात अपीलही केलंय. उद्याची तारीख त्याचीच.

आता माझ्या अंगाचं सांगते, म्हणजे माझी तगमग तुम्हाला कळेल. उन्हाळ्यात समुद्राचं पाणी वर चढतं, त्याच्याबरोबर लाकूड पोखरणारा किडा येतो. पूर्वी दर उन्हाळ्यात अलाएरे मला उलटी घालायची, खाली झावळ्या पेटवून धग द्यायची, म्हणजे किडे मरायचे. मी किती कुरकुरायचे! तरी दहा-बारा वर्षांत किडा आपलं काम करतोच. मग होडी चुलीत जाते आणि नवी कोरतात. माझ्या सगळ्या बहिणी तशाच गेल्या.

तेल आल्यापासून मला एकही भोक पडलेलं नाही. सतरा वर्षांची झाले. बायका म्हणतात, "अलाएरे, तुझी होडी अमर झाली गं!" अलाएरेला हसू येत नाही. मलाही नाही. किड्यालाही नको झालेलं लाकूड आहे मी.

कंपनीच्या आकड्यांवर अलाएरेचा विश्वास नाही. ती रोज सकाळी मला उलटी घालते आणि तळाला कान लावते. किडा पोखरायला लागला की बारीक कुरकुर ऐकू येते. जिवंत पाणी असेल तरच तो येतो. तो आला की ती समजेल, पाणी उठलं.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मला जपा म्हणत नाही, रंग द्या म्हणत नाही. मला कीड लागू दे. माझ्या बुडाला भोकं पडू देत, मी गळू दे, बुडू दे, एखाद्या चुलीत जाऊ दे. तुमच्याकडे लाकडाला कीड लागली तर तिला लगेच शिव्या देऊ नका. आमच्याकडे एक बाई तिची वाट बघत बसली आहे.

आज सकाळीही तिने कान लावला. बराच वेळ. मीही श्वास रोखून ऐकत होते.

"काही ऐकू आलं?" सेयेफाने विचारलं.

"अजून नाही."

"बरं. मग उद्या त्या मोठ्या जज्जाला हेच सांग. आणि चप्पल काढायला विसरू नकोस."