मूळ गायिका

साहेबांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "यंदा नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम जरा वेगळा करू. श्रोत्यांची आवडती गाणी तर हवीतच, पण त्यांची कव्हरंही, म्हणजे तीच गाणी इतरांनी गायलेली, लावू. एकच गाणं चार गळ्यांतून. प्लेलिस्ट तुम्हीच करा. तुमच्याइतकी ही गाणी इथे कुणाला माहीत आहेत?" मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "आणि शेवटच्या तासाला पाहुण्या म्हणून तुमच्या ताईंनाच बोलवू. दिव्याचं गाणं त्यांचं. तुम्हाला आनंदच होईल."

"होईलच की," धाकटी म्हणाली. आणि तिला खरोखरच आनंद झाला. फक्त साहेब समजले तसला नव्हे.

धाकटी म्हणजे त्या रेडिओ केंद्राच्या ध्वनिसंग्रहाची प्रमुख. वय साठ, महिनाअखेर निवृत्त. तरी घरात आणि केंद्रावर सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण ती ताईची धाकटी होती, आणि ताई म्हणजे दिव्याचं गाणं. बर्फातून घरी येणाऱ्या माणसासाठी कुणीतरी खिडकीत दिवा लावून बसलंय, एवढंच ते गाणं. चव्वेचाळीस वर्षं दर डिसेंबरात ते दुकानांत, दवाखान्यांत, बसमध्ये वाजत होतं. दुसऱ्या कडव्यात 'ये घरी' या शब्दांवर आवाज अचानक किंचित खाली उतरतो. लोक त्या एका सुरासाठी ते गाणं ऐकत.

तो सूर धाकटीचा होता. आख्खं गाणंच धाकटीचं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ताईचा घसा बसला. स्टुडिओ ठरलेला, वादक येऊन बसलेले. आईने सोळा वर्षांच्या धाकटीला माइकपुढे उभं केलं. तिला गाणं पाठ होतं, कारण ताई रियाज करायची तेव्हा हार्मोनियमचा भाता तीच मारायची. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात तिने मान वर केली तर काचेपलीकडे रेकॉर्डच्या वेष्टनासाठी फोटो काढणारा आला होता, आणि ताई धाकटीचा नवा लाल कोट अंगात घालून एकेक बटण लावत होती. आई तिचे केस नीट करत होती. तेव्हा धाकटीला कळलं की गाण्यावर नाव कुणाचं येणार. नेमकी त्याच क्षणी ती 'ये घरी'वर होती. सूर पडला. वादकांना तो आवडला, म्हणून तसाच ठेवला.

"घरातलंच तर आहे," आई म्हणाली होती, "नाव हिचं काय, तिचं काय. आणि बाहेर बोलायचं नाही, मला शब्द दे." धाकटीने शब्द दिला आणि आई असेपर्यंत तोंडाला कुलूप लावलं. ताईने मात्र इतक्या वर्षांत एकदाही, अगदी एकट्यात चहा पितानाही, त्या दिवसाचं नाव काढलं नाही.

आई मार्चमध्ये गेली. तरीही धाकटी कदाचित गप्पच बसली असती. गप्प बसण्याचीही सवय लागते. पण गेल्या महिन्यात ताईची मुलाखत छापून आली. त्या सुराचं रहस्य काय, असं विचारल्यावर ताई म्हणाली होती, "त्या दिवशी माझी धाकटी बहीण घरी तापाने फणफणली होती. गाता गाता तिची आठवण आली आणि माझा आवाज भरून आला."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणं घेतलं, कोट घेतला, ते एक वेळ सोडा. पण तिचं दुःखसुद्धा ढापलं, आणि वर तिलाच तापाने झोपवून ठेवलं! मुलाखत घडी करून तिने टेबलाच्या खणात ठेवली आणि रोज सकाळी एकदा वाचू लागली, राग शिळा होऊ नये म्हणून.

तर आता प्लेलिस्ट. धाकटीने ती तीन आठवडे लावली. पहिले दोन तास इतर गाणी, त्यांत तिने काही खोडी काढली नाही. घंटांची, गाढवाची, रुसलेल्या देवदूताची, सगळ्यांची आवडती गाणी आणि त्यांची कव्हरं तिने मन लावून निवडली. कामात हयगय तिला जमतच नसे. शेवटचा तास तेवढा तिने स्वतःसाठी ठेवला. दिव्याच्या गाण्याची अकरा कव्हरं संग्रहात होती. एका दाताच्या डॉक्टरने हौसेखातर गायलेलं, एका अकॉर्डियनवाल्याचं, शाळेतल्या मुलींचं, पोलीस बँडचं. गंमत अशी की अकरांपैकी दहा जणांनी तो पडलेला सूर जसाच्या तसा उचलला होता. मुलींच्या बाईंनी तर तीन महिने तेवढंच घोटून घेतलं असणार. पोलीस बँडचा ट्रम्पेटही बरोबर तिथेच गडगडत होता. एका पोरीला रडू आलं, आणि पुढची चाळीस वर्षं गाणारे त्याला कलाकुसर समजून गिरवत बसले.

अकरावं कव्हर ताईचं स्वतःचं. मूळ गाण्यानंतर दहा वर्षांनी तिने ते पुन्हा गायलं, मोठ्या वाद्यवृंदासह. साफ पडलं. कारण त्यात तो सूर नव्हता. ताईचा गळा फार तयार होता, पट्टीने आखल्यासारखा सरळ. तिला बेसूर होताच येत नसे. सगळ्यांना वाटलं, बाईंनी मुद्दाम बदललं. धाकटीला खरं कारण ठाऊक होतं आणि त्या वर्षीचा नाताळ तिला फार गोड गेला होता.

आता राहिलं कार्ड. केंद्रात संगणक आले तरी कार्डं गेली नव्हती. प्रत्येक गाण्याबरोबर संग्रहातून एक कार्ड जाई. गाणं, गायक, मूळ की कव्हर, मूळ गायक कोण. पूर्वी एका निवेदकाने एकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर खपवलं होतं आणि दोन्ही गायक एकदमच भांडायला आले होते. तेव्हापासून नियम एकच. कार्डावर असेल तेच वाचायचं, त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या कार्डावर ताईचं नाव होतं. धाकटीने नवं कार्ड घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. ते नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

ताईच्या कार्डावर तिने लिहिलं, कव्हर. 'मूळ गायिका' ही ओळ कोरी सोडली. खाली एक टीप घातली, 'पाहुण्यांना विनंती, "ये घरी" इथेच गाऊन दाखवावं.' मग घड्याळ लावून हिशेब केला. पाच वाजता बातम्या आपोआप सुरू होतात, त्यांना कुणी थांबवू शकत नाही. मूळ गाणंही ठरल्या क्षणी आपोआप लागेल आणि ते संपल्यावर अकरा सेकंद उरतील असं तिने बेतलं. ताईला अर्धं मिनिट मिळालं तर ती त्यातून एक गोष्ट रचेल आणि लोक तिलाच टाळ्या देतील, हे धाकटी पुरती ओळखून होती. अकरा सेकंदांत खरं बोलता येतं. गोष्ट रचता येत नाही.

त्या दुपारी ताई आली. मऊ शाल, पांढरे केस व्यवस्थित बसवलेले. दारात धाकटीचा गाल थोपटून म्हणाली, "दमलेली दिसतेस गं. आता महिनाअखेर सुटशील."

"आजच सुटणार आहे," धाकटी म्हणाली आणि तिला स्टुडिओत बसवलं. स्वतः काचेच्या अलीकडे, यंत्रांच्या खोलीत उभी राहिली. दाराजवळच्या खुंटीला तिचा नवा कोट होता. चव्वेचाळीस वर्षांनी घेतलेला लाल कोट.

कव्हरं एकामागून एक सुरू झाली. निवेदक मोठ्या मिठ्ठास आवाजाचा माणूस, प्रत्येक कार्ड तो प्रसाद वाटावा तसा वाचत होता. दाताचे डॉक्टर घसरले, मुली घसरल्या, ट्रम्पेट घसरला. ताई कौतुकाने मान डोलवत होती. श्रोत्यांचे फोन खणखणत होते. मग ताईचं कार्ड आलं.

"आता ऐकू या हे... कव्हर," निवेदक म्हणाला. तो जरा अडखळला, ताईकडे बघून ओशाळं हसला, पण नियम म्हणजे नियम.

गाणं वाजलं. 'ये घरी' आलं आणि सरळ निघून गेलं. दहा वेळा खाली उतरलेल्या कानांना पायरी चुकल्यासारखं झालं. निवेदकाने टीप वाचली. "ताई, श्रोत्यांसाठी तो सूर इथेच ऐकवा ना!"

"अहो, आता वय झालं," ताई हसली.

"दोनच शब्द!"

ताई गायली. शुद्ध, स्वच्छ सूर. "तो नाही, तो खाली जाणारा," निवेदक भाबडेपणाने म्हणाला. ताईने पुन्हा गायलं. आणखी शुद्ध. तिसऱ्यांदा ती मुद्दाम खाली यायला गेली आणि पार वेगळ्याच, पण अचूक, सुरावर जाऊन बसली. कपाळावर घाम आला. धाकटी काचेला नाक लागेल इतकी जवळ उभी होती. असं सुख तिला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

"राहू द्या, घसा धरला असेल," निवेदक म्हणाला.

राहू द्या? घसा? पुन्हा घसाच! धाकटी वळली, खुंटीवरचा कोट काढला आणि काचेपुढे येऊन अंगात घातला. पहिलं बटण लावलं. दुसरं लावलं. डोळे ताईच्या डोळ्यांवर.

ताई हट्टाला पेटून त्या वेळी चौथ्यांदा गात होती. 'ये' म्हणताना तिची नजर काचेवर गेली. 'घरी'वर आवाज खाली गेला, जागच्या जागी, कुणी हात सोडल्यासारखा.

"हाच!" निवेदक खुर्चीतून उठलाच. "हाच तो सूर!"

धाकटीचे हात थांबले. इतकी घट्ट विणलेली जाळी, आणि ताईने तिला भोक पाडलं. आता सगळ्या जगाने ऐकलं की तो सूर ताईला येतो. आणि तो द्यायला लावणारी धाकटीच. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

पण प्लेलिस्टला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पुढे सरकली. निवेदकाने भारावलेल्या आवाजात शेवटचं कार्ड उचललं. "आणि आता मूळ गाणं. गायिका..." त्याने धाकटीचं पूर्ण नाव वाचलं, मग कार्ड उलटून मागची बाजू पाहिली. तोवर गाणं सुरू झालं होतं.

सव्वातीन मिनिटं सोळा वर्षांची मुलगी गात राहिली. ताईने एकदाही खाली पाहिलं नाही. ती कोटाकडे पाहत होती.

माइक सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. "ताई, या कार्डावर दुसरंच नाव..."

"कार्ड बरोबर आहे," ताई म्हणाली. मग सावरून बसली, आवाजात तो मुलाखतीतला ओलावा आला. "खरं म्हणजे त्या दिवशी मी—"

टूं. पाच वाजले. बातम्या सुरू झाल्या.

ताई बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात धाकटी भिंतीला टेकून उभी होती. आत सगळे फोन एकदम वाजत होते.

"तुझा कोट मला दंडात घट्ट होत होता," ताई म्हणाली. "फोटो काढेपर्यंत हात वर करता येईना."

"म्हणजे आठवतंय तुला."

"दर डिसेंबरात." ताईने शाल ओढून घेतली. "तू कधी विचारशील याची वाट बघत होते."

"मी विचारायचं?" धाकटीचा आवाज चढला. "मी विचारायचं होतं, ताई?"

धाकटी ताईच्या गळ्यात पडली नाही, रडलीही नाही. तिचा राग जिथल्या तिथे होता आणि तिला तो मुळीच जड वाटत नव्हता.

"झालं ना आता समाधान?" ताईने हळूच विचारलं.

धाकटीने कोटाच्या खिशातून ताईच्या कार्डाची संग्रहातली प्रत आणि पेन काढलं. 'मूळ गायिका' पुढची ओळ कोरी होती. "बाकी दहा कव्हरांची कार्डं मी नव्याने टाइप करीन. हे तू लिही."

ताईने कार्ड भिंतीवर धरलं. अक्षर वळणदार आलं. तिने लिहिलं, 'धाकटी'.

"पूर्ण नाव लिही," धाकटी म्हणाली, आणि ते लिहून होईपर्यंत कोटाची उरलेली बटणं लावत तिथेच उभी राहिली.