अक्काचा संचार आणि पुडीचा कागद

सकाळी आठलाच औषधवाल्याच्या दारात चपलांचा खच पडला होता. खाली दुकान, वर घर. जिन्याच्या पायरीपायरीवर माणसं. वर पुढच्या खोलीत पलंगावर अक्का, म्हणजे औषधवाल्याची थोरली बहीण, आणि तिच्या उशाशी मौनीबाबा. नाव मौनी, पण हा गृहस्थ गप्प बसलेला कुणी पाहिला असेल तर शपथ!

"ही आता बाई राहिलेली नाही," बाबा सांगत होते. "हिच्या मणक्यातून विश्वाची वीज वर चढली आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ हेच म्हणतात." कुठले शास्त्रज्ञ, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. लोक माना डोलवत होते आणि दम्यावर, नोकरीवर, नाठाळ सुनेवर एकच रामबाण म्हणून मंतरलेल्या राखेची पुडी घेऊन उतरत होते.

पुड्या बांधत होता खुद्द औषधवाला. त्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून दोन-चार सुट्या गोळ्या द्यायची त्याच्या दुकानाची जुनी रीत होती. मग खोक्यातला बारीक अक्षरांचा माहितीचा कागद कुणाला द्यायचा? त्याचे चौकोन कापून तो पुड्यांसाठी ठेवायचा. राखेलाही तेच कागद कामी आले.

चमत्कार मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दोन पायऱ्या चढली की धापा टाकणारी बासष्ट वर्षांची अक्का महिन्यापूर्वी एकाएकी झोपेनाशी झाली. पहाटे उठून घरातले सगळे पडदे धुवायची, बोलायला लागली की थांबायची नाही, भिंती मला सांगतात म्हणायची. आणि सांगायची तेही बिनचूक! आखाड्याच्या पहिलवानाला तिनं भर रस्त्यात मूळव्याध कशी आहे ते विचारलं. समोरच्या शिंपीणबाईला नवऱ्यासमोरच म्हणाली, "छातीत धडधडतं म्हणून चोरून गोळी घेतेस ना गं?" शिंपीण पांढरीफटक पडली. नवरा बायकोकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी मौनीबाबा हजर.

खरं सांगायचं तर औषधवाल्याच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. दोन महिन्यांपूर्वी अक्काचा दमा उसळला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. अक्काला मोकळं वाटलं. ती म्हणाली, ह्या गोळ्या मला मानवल्या रे. ह्यानं सहाव्या दिवशीही फळीवरून काढून दिल्या. घरचंच दुकान, विचारायचं कुणाला? पुढे श्वास पुन्हा लागला, तेव्हा एकाच्या दोन केल्या, दोनाच्या चार. पुन्हा डॉक्टरकडे म्हणून नेलं नाही. बहिणीचं वागणं बदललं तेव्हा त्या गोळ्यांचा माहितीचा कागद वाचावासा त्याला एकदा वाटला, आणि त्यानं वाचला नाही. कालपर्यंत औषधाची चिठ्ठी तोंडावर फेकणारी माणसं आता त्याच्या पाया पडत होती. ते त्याला आवडत होतं, ह्याची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली.

तीन दिवसांपूर्वी बाबांनी फर्मान काढलं की विजेच्या शरीरात गोळी चालत नाही, सगळ्या बंद. कालपासून अक्काला उलट्या होत होत्या. आज तर तिला मान उचलवत नव्हती. बाबा म्हणाले, विष बाहेर पडतंय. भाऊ पुड्या बांधत राहिला.

तेवढ्यात जिन्यावरची माणसं बाजूला सरली. शिंपीणबाई वर आली, मागोमाग डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाई सरळ पलंगाशी गेल्या, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि गाडी बोलवा म्हणाल्या. शिंपिणीच्या हातात राखेच्या पुडीचा उलगडलेला कागद होता. सुईत दोरा ओवणारे डोळे तिचे. बारीक अक्षर तिला जड नव्हतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं वाचलं.

"झोप उडणे. अतिउत्साह. भास होणे. आपल्याला विशेष शक्ती आहे असे वाटणे. औषध अचानक बंद करू नये." मग कागद खाली करून ती म्हणाली, "अक्कांच्या अंगात आलंय ते सगळं इथं छापलंय. हे वाचूनच मी दवाखान्यात विचारायला गेले, की अक्का हे औषध घेतात का."

"मी पाच दिवसांचं दिलं होतं," डॉक्टरीणबाई औषधवाल्याकडे वळून म्हणाल्या. "किती दिवस चाललं?"

बाबा मध्ये तोंड घालू लागले की दैवी शक्तीला कागद लागत नाही. औषधवाल्याला बहिणीचे सुकलेले ओठ दिसत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"दोन महिने," तो म्हणाला. "मीच दिल्या. मीच वाढवल्या. आणि तीन दिवसांपूर्वी ह्यांच्या सांगण्यावरून मीच बंद केल्या." मग लोकांकडे पाहून म्हणाला, "ती कुणाच्या मनातलं ओळखत नाही हो. पंधरा वर्षं ती माझ्या काउंटरवर बसतेय. तुमची औषधं तिनंच बांधून दिलीत. शुद्धीत होती तोवर तिनं एक अक्षर बाहेर जाऊ दिलं नव्हतं."

पहिलवानानं हातातली पुडी हळूच खिडकीत ठेवली. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा नावाला जागले आणि मागच्या दारानं नाहीसे झाले.

अक्का वाचली. ती इस्पितळातून घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या मोजूनमापून हळूहळू कमी केल्या. झोप आली, भिंती बोलायच्या थांबल्या. पण अक्का खाली दुकानात येईना. तिला सगळं आठवत होतं. "त्या पोरीचं मी तिच्या नवऱ्यासमोर काढलं रे," एवढंच म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची.

महिन्याभरानं शिंपीण आपली गोळी घ्यायला आली, ह्या वेळी नवऱ्याला सोबत घेऊन. अक्का कुठंयत, तिनं विचारलं. औषधवाला म्हणाला, वर आहे, खाली यायला लाजते.

"त्यांनी का लाजायचं?" शिंपीण म्हणाली. "लाजायचं तुम्ही." आणि ती जिना चढून वर गेली.

तेव्हापासून त्या दुकानात पुडीला कोरा कागद असतो आणि गोळ्यांबरोबर माहितीचा कागद हातात पडतो. औषधवाला प्रत्येकाला थांबवून सांगतो की औषध सुरू झाल्यावर घरातलं माणूस बदललं, झोप उडाली, भलतंसलतं बोलायला लागलं किंवा नुसतं उदास बसून राहिलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं औषध वाढवू नका, बंदही करू नका, आणि बाबाला तर बोलावूच नका.

परवा एक घाईतलं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, कागदात आहे ना लिहिलेलं? मग कशाला सांगताय?"

"माझ्याकडेही कागद होता," औषधवाला म्हणाला. "मी त्यात राख बांधली."