मानाचं कपाट

नेरूळच्या त्या सात मजली सोसायटीला दोन जिने होते. एक रोजचा, दुसरा आग लागली तर पळायचा. दुसऱ्यात लोकांनी कुंड्या, सायकली, नको झालेलं सामान ठेवलं होतं, आणि सहाव्या मजल्याखालच्या वळणावर सुचित्राच्या माहेरचं सागवानी कपाट उभं होतं. घरात जागा नव्हती आणि मानाची वस्तू विकणं तिचे सासरे सुभाषराव यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्वं घरात राहिली, कपाट जिन्यात गेलं.

सुचित्रा बेलापूरला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. दिवसभर परक्यांसाठी सुटकेचे जिने आखायचे आणि घरी आल्यावर तोंड मिटून बसायचं, अशी सात वर्षं गेली.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी तळमजल्यावर मीटरच्या खोलीत आग लागली. रोजचा जिना धुरानं भरला. घरात पाच वर्षांची सई आणि कामाला येणाऱ्या बाळाबाई दोघीच होत्या. सईला घेऊन बाळाबाई दुसऱ्या जिन्याकडे धावल्या, तर पुढे कपाट. त्यांनी पोरीला फटीतून पलीकडे ढकललं आणि स्वतः मागे राहिल्या. बंबवाल्यांनी बाहेर काढलं म्हणून त्यांचा जीव वाचला, पण दम कायमचा लागला. "पोर गेली, मी कशी जानार व्हते?" एवढंच त्या म्हणाल्या. तरी कपाट हललं नाही. बाबांना दुखवू नको, असं सुचित्राला तिच्या नवऱ्यानं, वरदनं समजावलं.

आज तिचा धाकटा दीर सुयश याच्या लग्नाच्या याद्या होत्या. नवरी मुलगी ईश्वरी वडिलांसोबत, मारोतरावांसोबत आली होती. पोहे झाल्यावर सासूबाई नेहमीच्या गोडीनं म्हणाल्या, "आमचं मागणं काहीच नाही हो. मुलीला हौसेनं काय द्याल ते द्या."

यापेक्षा महाग मागणं नसतं, हे मुलीच्या बापाला कळतं. मारोतरावांनी खिशातला कागद काढून वाचला. पलंग, कपाट, सोफा. सुभाषराव म्हणाले, जागेची काळजी नको, जिन्यात खूप जागा आहे.

सुचित्रानं हातातला ट्रे खाली ठेवला. "काका, चला, ती जागा दाखवते."

"सूनबाई, पाहुण्यांसमोर नको."

"त्यांनाच दाखवायची आहे, बाबा."

सगळे जिन्यात आले. तिनं मोजपट्टी लावली. भिंत आणि कपाट यांत जेमतेम नऊ इंच जागा होती.

"यातून माझी मुलगी गेली. बाळाबाई गेल्या नाहीत. खालच्या वळणावर तुमचं कपाट आलं की तुमची ईश्वरीही जाणार नाही."

सुभाषराव संतापले. हा तुझ्याच वडिलांचा अपमान आहे, म्हणाले.

"माझ्या अण्णांनी हे संसाराला दिलं, पोरीची वाट अडवायला नाही. माझं आहे, आणि आज जाणार."

तिनं आधीच तुर्भ्याहून बोलावलेले चार हमाल खाली उभेच होते. ईश्वरीनं वडिलांच्या हातातला कागद घेऊन फाडला. यातलं काही येणार असेल तर मी येणार नाही, असं तिनं सरळ सांगितलं. सासूबाई पाठ फिरवून घरात गेल्या. सुयश बराच वेळ घुटमळला, मग त्यानं हमालांबरोबर कपाटाला हात लावला.

कपाट हलल्यावर बाळाबाई सईचा हात धरून त्याच जिन्यानं उतरायला लागल्या. लिफ्ट चालू होती, तरीही. पाचव्या मजल्यावर त्या थांबल्या. तिथल्या एका घरानं लग्नातला पलंग जिन्यात उभा करून ठेवला होता.

सुचित्रा मोजपट्टी घेऊन खाली आली आणि तिनं त्या घराची बेल वाजवली.